डेंग्यू : विषाणू, डास आणि पिंपात साठवलेले पाणी

दरवर्षी जुलै लागला की शहरातल्या वस्त्यांमध्ये आणि गावच्या ग्रामपंचायतीसमोर एक फलक हमखास दिसतो : परिसर स्वच्छ ठेवा, डेंग्यू टाळा. फलक चांगल्या हेतूने लावलेला असतो. पण त्यातून लोकांच्या मनात एक चुकीचा हिशोब पक्का बसला आहे. डेंग्यू घाणीतून होतो, घाण वस्तीत असते, म्हणजे डेंग्यू वस्तीतल्या लोकांच्या सवयींमुळे होतो, असा तो हिशोब. प्रत्यक्षात डेंग्यू पसरवणारा डास गटाराकडे सहसा फिरकत नाही. त्याला अंडी घालायला स्वच्छ, स्थिर, साठवलेले पाणी लागते. ज्या घरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, त्या घरातले घासून ठेवलेले पिंप त्याला सगळ्यात आवडते.

वस्तीत काम करणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांना या आजाराची नीट माहिती असणे गरजेचे आहे, ती दोन कारणांसाठी. एक, डेंग्यूने होणारे बहुतेक मृत्यू टळू शकतात, पण त्यासाठी धोका नेमका कोणत्या दिवशी असतो हे घरच्या माणसांना कळायला हवे. दुसरे, दोष कोणाचा हे ठरवण्याआधी आजार कसा चालतो हे समजायला हवे.

विषाणू कसा आहे

डेंग्यूचा विषाणू फ्लेव्हिव्हायरस या गटातला आहे. पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, झिका यांचे विषाणू याच गटातले. कर्नाटकातून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापर्यंत पोहोचलेल्या माकडतापाचा विषाणूही याच गटातला आहे, फक्त तो डासाऐवजी गोचिडीतून पसरतो. डेंग्यूच्या विषाणूचा व्यास साधारण ५० नॅनोमीटर असतो. म्हणजे एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. आत आरएनएची एक साखळी आणि तिच्यात जवळपास ११ हजार अक्षरांचा मजकूर. एवढ्या मजकुरातून अवघी १० प्रथिने तयार होतात. तीन प्रथिनांनी विषाणूचा देह बनतो, उरलेली सात पेशीच्या आत शिरल्यावर त्याच्या प्रती काढण्याच्या कामी येतात. या सातांपैकी एनएस-१ नावाचे प्रथिन रुग्णाच्या रक्तात मिसळते. दवाखान्यात 'एनएस-१ पॉझिटिव्ह' म्हणतात ते यावरून.

हा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो जपानच्या सुसुमू होत्ता आणि रेन किमुरा यांनी, १९४३ साली नागासाकीतल्या साथीत. पाठोपाठ अमेरिकेचे अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धात कोलकाता, न्यू गिनी आणि हवाई इथे आजारी पडलेल्या सैनिकांच्या रक्तातून तो मिळवला आणि त्याचे एकाहून अधिक प्रकार आहेत हे दाखवून दिले. पुढे पोलिओची तोंडावाटे द्यायची लस बनवणारे सेबिन ते हेच.

विषाणूचे चार मुख्य प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते. बाकीच्या तीन प्रकारांपासून मात्र ते काही महिनेच टिकते. म्हणून एकाच माणसाला आयुष्यात चार वेळा डेंग्यू होऊ शकतो. 'मला एकदा होऊन गेला, आता होणार नाही' असे म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला हे आवर्जून सांगावे, कारण गोवर किंवा कांजिण्यांचा नियम इथे लागू पडत नाही. उलट दुसऱ्या वेळचा डेंग्यू पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो.

दुसऱ्या वेळी धोका का वाढतो

डेंग्यूचा ताप जुना आहे, पण त्याचे रक्तस्रावी रूप लोकांच्या नजरेत आले ते १९५३-५४ साली फिलिपिन्समधल्या मनिलात आणि नंतर १९५८ साली बँकॉकमध्ये. मुले दगावू लागली होती. रक्तवाहिन्यांतून रक्ताचा पातळ भाग झिरपायचा, नाडी मंदावायची, हातपाय गार पडायचे. अमेरिकी डॉक्टर स्कॉट हॅल्स्टेड यांनी बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात काम करताना पाहिले की गंभीर होणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेला आहे. त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे : पहिल्या डेंग्यूनंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळायला टपलेल्याच असतात. त्या विषाणूलाही गिळतात, आणि विषाणू आत जाऊन वाढतो. घराच्या राखणदारानेच चोराला ओळखीचा समजून दार उघडावे, तसा हा प्रकार.

या म्हणण्याला मोठा आधार क्युबातून मिळाला. १९७७ साली तिथे पहिल्या प्रकाराची साथ आली. ती सौम्य होती. चार वर्षांनी, १९८१ साली, दुसरा प्रकार आला. ३ लाख ४४ हजारांवर लोक आजारी पडले आणि १५८ जण दगावले, त्यात १०१ मुले होती. पहिली साथ ओसरल्यावर जन्मलेल्या लहानग्यांमध्ये मात्र गंभीर आजार फारच कमी दिसला, कारण त्यांना आधीचा संसर्ग झालेलाच नव्हता.

पहिल्याच डेंग्यूत कोणी गंभीर होत नाही, असा याचा अर्थ नाही. तसेही होते. आईच्या पोटातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे वर्षाच्या आतले बाळ पहिल्याच संसर्गात गंभीर होऊ शकते. गरोदर बाई, मधुमेहाचा किंवा सिकलसेलचा रुग्ण यांच्याबाबत पहिल्या दिवसापासून सावध राहावे. सिकलसेल आपल्या विदर्भातल्या अनेक घरांत आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

डासाचे वागणे

डेंग्यू पसरवते ती एडिस इजिप्ती जातीची मादी. तिचीच चुलत बहीण एडिस अल्बोपिक्टस हीसुद्धा पसरवते, पण ती झाडीझुडपांत जास्त राहते. इजिप्तीचा मूळ मुलूख आफ्रिका. तिथल्या रानात ती झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढायची. माणसाने पाणी साठवायला सुरुवात केली तशी ती ढोली सोडून रांजणाकडे आली. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून ती अमेरिका खंडात पोहोचली आणि बंदरांमागून बंदरे करत उष्ण प्रदेशभर पसरली.

काळसर अंग आणि पायांवर पांढरे पट्टे, ही तिची ओळख. ती दिवसा चावते. सकाळी उजाडल्यावर काही तास आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी तिचा जोर असतो, म्हणजे नेमक्या शाळेच्या आणि चुलीपाशी बसण्याच्या वेळा. रात्री चावणारा, गटारात वाढणारा क्युलेक्स हा वेगळा डास, त्याच्यापासून हत्तीपाय होतो. मलेरियाचा ॲनॉफिलिस आणखी वेगळा. या तिघांना एकाच नावाने 'मच्छर' म्हणून मोकळे झाले की सगळा गोंधळ सुरू होतो. नाला साफ केलाच पाहिजे, तो वस्तीचा हक्कच आहे. पण नाला साफ केल्याने डेंग्यू जाणार नाही.

इजिप्ती घरातच राहते. खुंटीवर लटकवलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. ती फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आत तिचे आयुष्य जाते. म्हणून एखाद्या घरी रुग्ण सापडला, तर डास त्या गल्लीतच आहे असे समजावे. तिला एका जागी निवांत बसून रक्त पिता येत नाही. हात हलला की उडते आणि दुसऱ्याला चावते. एका पोटभर जेवणासाठी ती घरातल्या तिघा-चौघांना चावू शकते, आणि एकाच घरात पाठोपाठ तिघे तापाने पडतात ते त्यामुळे.

ती अंडी पाण्यावर न सोडता भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात. उन्हाळ्यात रिकामा ठेवलेला कूलर किंवा ड्रम पावसाळ्यात भरला की पाण्याचा स्पर्श होताच अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो या हिशोबाने. पण नुसते पाणी ओतून पुन्हा भरले, तर भिंतीवरची अंडी तशीच राहतात. आतून काथ्याने किंवा ब्रशने घासणे, हा त्यातला खरा भाग. तो फलकावर लिहिलेला क्वचितच दिसतो.

विषाणू असलेल्या माणसाला डास चावल्यावर तो विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस घेतो. उष्णता वाढली की हा काळ कमी होतो. त्यानंतर डास जगेल तोवर पसरवत राहतो. चावा घेतल्यापासून माणसाला ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. बहुतेकांना लक्षणे दिसतच नाहीत किंवा किरकोळ ताप येऊन जातो, तरीही त्यांच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो. जगात दरवर्षी सुमारे ३९ कोटी लोकांना संसर्ग होतो आणि त्यातल्या ९.६ कोटींनाच लक्षणे दिसतात, असा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

ताप उतरतो तो दिवस

या लेखातला हा भाग प्रत्येकाने आपापल्या घरी वाचून दाखवावा.

डेंग्यूत एकदम जोराचा ताप येतो, डोळ्यांच्या मागे दुखते, अंग आणि सांधे असे दुखतात की हाडे मोडल्यासारखी वाटतात. अंगावर लालसर पुरळ येऊ शकते. हे दोन ते सात दिवस चालते. मग ताप उतरतो. घरच्यांना हायसे वाटते, मजुरीचा माणूस कामावर निघतो, मुलाला शाळेत पाठवतात. गंभीर डेंग्यू सुरू व्हायचा असेल तर तो नेमका याच वेळी सुरू होतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरण्याच्या सुमारास, पुढचे २४ ते ४८ तास हे खऱ्या धोक्याचे. याच काळात रक्तवाहिन्या गळू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत उतरतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. रक्तस्राव दिसतो तो पुष्कळदा यानंतर, आणि मृत्यूचे कारण बऱ्याचदा रक्तस्रावापेक्षा हा कोसळलेला रक्तदाबच असतो.

पोटात सतत जोराने दुखणे, थांबता न थांबणारी उलटी, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, रुग्ण गळून जाणे किंवा उगाच बेचैन होणे, हातपाय गार पडणे, चार-सहा तासांत लघवीच न होणे, यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गाडीभाड्याचे पैसे याच रात्रीसाठी बाजूला ठेवावेत. वेळेवर आणि मोजून सलाईन मिळाले तर गंभीर डेंग्यूचे मृत्यू शंभरात एकाच्या खाली येतात, न मिळाले तर वीसपर्यंत जाऊ शकतात. विषाणूवर औषध नाही, पण उपचार आहे. तो म्हणजे पाणी, आणि जवळ बसून लक्ष ठेवणारा माणूस.

मोजून म्हटले ते मुद्दाम. एक-दोन दिवसांनी गळलेले पाणी रक्तवाहिन्यांत परत येते. तेव्हाही सलाईन चालूच ठेवले तर फुप्फुसात पाणी होते. 'चार बाटल्या चढवा म्हणजे ताकद येईल' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

घरी असलेल्या रुग्णाला तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, तेही वजनानुसार आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, कारण जास्त झाले तर यकृताला मार बसतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ही औषधे टाळावीत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. अंगदुखी आहे म्हणून गावोगावी दवाखान्यात कमरेत ठोकले जाणारे इंजेक्शन बऱ्याचदा डायक्लोफिनॅकचे असते. 'डॉक्टर, डेंग्यूची साथ आहे, हे इंजेक्शन नको' असे म्हणायला संकोच वाटू देऊ नये. मेडिकलमधून कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या रंगीबेरंगी गोळ्यांमध्ये स्टेरॉइड असू शकते, त्याचाही डेंग्यूत काही फायदा नाही. ओआरएस, पेज, ताक, शहाळे, वरणाचे पाणी थोडे थोडे देत राहावे आणि लघवी किती वेळा झाली ते लक्षात ठेवावे.

'पेशी कमी झाल्या'

आपल्याकडे डेंग्यू म्हटले की पुढचा शब्द 'पेशी'. प्लेटलेट किती, ४० हजार की ३०, यावर सगळे घर जागते. व्हॉट्सॲपवर रक्तदात्यांसाठी निरोप फिरतात. आपले कार्यकर्ते रात्री-अपरात्री मोटरसायकल काढून रक्तपेढी गाठतात, आणि त्यांच्या या धावपळीबद्दल आदरच आहे. पण शास्त्र काय सांगते ते कळायला हवे. डेंग्यूत प्लेटलेट बहुतेकांच्या उतरतात आणि ताप गेल्यावर दोन-तीन दिवसांत आपोआप वाढतात. रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवल्याने काय होते, हे सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर तपासले गेले. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट चढवलेल्यांमध्ये त्रास जास्त झाले.

धोका ओळखायचा असेल तर प्लेटलेटसोबत रक्ताचा घट्टपणा सांगणारा आकडा पाहावा लागतो. रिपोर्टवर तो हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही म्हणून छापलेला असतो. प्लेटलेट झपाट्याने उतरत आहेत आणि पीसीव्ही चढतो आहे, म्हणजे रक्तवाहिन्या गळत आहेत. हा आकडा त्याच कागदावर असतो, पण विचारतो कोण? खासगी रुग्णालयात प्लेटलेटच्या पिशव्यांमागे हजारो रुपये गेलेली, त्यासाठी व्याजाने पैसे काढलेली घरे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतील. त्यातल्या काहींना त्या पिशव्यांची गरज होतीच. सगळ्यांना नव्हती. पपईच्या पानांच्या रसाबद्दल एवढेच सांगतो की गंभीर डेंग्यू त्याने टळतो याचा भक्कम पुरावा नाही. उलट्या होणाऱ्या मुलाला तो कडू रस बळजबरीने पाजणे मात्र नक्की वाईट.

तपासणीबद्दलही थोडे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. खासगी प्रयोगशाळांत होणारी कार्डावरची झटपट चाचणी चुकू शकते, आणि सरकार तिला पक्के निदान मानत नाही. एलायझा पद्धतीची चाचणीच मोजली जाते. ती सरकारच्या निवडक केंद्रांत मोफत होते, त्यासाठीचे आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. म्हणजे ज्याने खासगीत कार्ड चाचणी केली, पैसे भरले, बरा झाला किंवा दगावला, तो अनेकदा सरकारी आकड्यात नसतोच. २००६ ते २०१२ या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ लाख लोकांना डेंग्यूचा आजार झाला असावा, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. नोंदलेल्या आकड्याच्या तो २८२ पट होता. २०२३ साली देशात नोंदले गेलेले रुग्ण सुमारे २ लाख ८९ हजार आणि मृत्यू ४८५. हे आकडे वाचताना ती २८२ पट आठवावी.

पाणी कोणाला रोज, कोणाला आठवड्याने

आता सुरुवातीच्या मुद्द्यावर येतो. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, अकोला अशा शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, हे कोणाला नवे नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी चार-सहा दिवसांनी येणार असेल, तर माणूस साठवणारच. ज्याच्या इमारतीवर झाकणाची सिमेंटची टाकी आहे, त्याचे पाणी बंद राहते. ज्याचे घर दहा बाय बारा पत्र्याचे आहे, तो दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम दाराशी ठेवतो, त्यावर फार तर एक फळी टाकतो. डासाला एवढी फट पुरते. पाण्याच्या वाटपाचा इतिहास या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

व्हिएतनामच्या खान्ह-होआ प्रांतात साडेतीन लाख लोकवस्तीच्या भागाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात दाट वस्तीच्या शहरी भागात डेंग्यू सगळ्यात जास्त असेल अशी अपेक्षा असते. तिथे तसे दिसले नाही. जास्त धोका होता तो मध्यम दाटीच्या, नळाचे पाणी नीट न पोहोचलेल्या गावांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत. माणसे दाटीने राहत होती, पण नळ चालू होता, तिथे डासाला जागा कमी होती.

म्हणून डेंग्यू गरिबांचाच आजार आहे, असे म्हणणे चूक ठरेल. फ्रीजच्या मागचा ट्रे, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा, सोसायटीचे कारंजे, लिफ्टचा खड्डा, बांधकामावर स्लॅबला पाणी मारून केलेली तळी, या सगळ्या एडिसच्या आवडत्या जागा आहेत. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा २०१२ साली मुंबईत डेंग्यूने गेले. पण टॉवरमधल्या कुंडीत अळ्या सापडल्या म्हणून तिथल्या रहिवाशांना कोणी 'घाणेरडे लोक' म्हणत नाही. बांधकामावर झोपडी करून राहणाऱ्या मजुराला डेंग्यू झाला तर साथ त्याने आणली असे मात्र सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात डास त्याला ठेकेदाराने साचवलेल्या पाण्यातून चावलेला असतो.

महापालिकेची माणसे तपासणीला येतात, अळ्या दिसल्या की ड्रम उलटा करतात, नोटीस देतात, कुठे दंडही करतात. त्यात त्यांचाही दोष कमीच, बरेचसे कर्मचारी कंत्राटी असतात, दिवसाला इतकी घरे हे त्यांचे उद्दिष्ट. पण पाच दिवसांचे पाणी नालीत ओतले गेलेले पाहणाऱ्या बाईने पुढच्या वेळी दार उघडले नाही, तर तिला अडाणी म्हणू नये. न ओतताही मार्ग आहेत. तोंडाला घट्ट बसणारे झाकण, नसेल तर सुती कापड ताणून दोरीने बांधणे. ड्रम रिकामा होईल त्या दिवशी आतून घासणे. वापराच्या मोठ्या हौदात गप्पी मासे. टेमिफॉस, म्हणजे कर्मचारी टाकतात ते वासाचे औषध, ठरलेल्या मात्रेत, लिटरला एक मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्यातही चालते. हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लोक ते टाकू देत नाहीत.

आणि धुराची गाडी. नगरसेवकाचा फोटो लावून ती गल्लीतून फिरते, मुले मागे धावतात, लोक खिडक्या लावून घेतात. धुराने उडते डास मरतात. इजिप्ती बसलेली असते घरात कपड्यांमागे, आणि अळ्यांना धुराचे काहीच वाटत नाही. साथ भडकली असताना रुग्णाच्या घराभोवती, घराच्या आतही धूर करणे उपयोगाचे आहे. एरवी तो देखावा.

लस कुठवर आली

डेंग्यूची लस अवघड आहे, कारण चारही प्रकारांविरुद्ध ती सारखीच चालली पाहिजे. अर्धवट संरक्षण देणारी लस वर सांगितलेल्या पहिल्या डेंग्यूसारखे काम करू शकते. हे फिलिपिन्समध्ये घडले. सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया २०१६ पासून तिथे सरकारी शाळांतल्या आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. कार्यक्रम थांबला. आधी कोणाला डेंग्यू झाला आहे हे तपासल्याशिवाय लस दिली गेली होती, आणि मुले कोणाची होती हेही पाहावे. पुढे लोकांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास ढळला आणि २०१९ साली तिथे गोवराची मोठी साथ आली.

त्यानंतर जपानच्या ताकेदा कंपनीची लस काही देशांत वापरात आली. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी 'डेंगीऑल' या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकहून सुरू केली, देशभरातले दहा हजारांवर प्रौढ तिच्यात घ्यायचे ठरले होते. दुसरा मार्ग डासाकडून जातो. वोल्बाकिया हा जिवाणू असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, हे निष्कर्ष २०२१ साली आले.

आपल्या हातात काय आहे

डेंग्यूचा जोर पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने, म्हणजे वर्षावास आणि त्यापुढचे काही आठवडे. या काळात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात, त्यात बायाबापड्या जास्त असतात. 'ताप उतरला की दोन दिवस जास्त लक्ष ठेवा' हे वाक्य तिथे सांगायला पाच मिनिटे पुरतात. विहाराच्या गच्चीवरची टाकी आणि फुलांची भांडी त्याच वेळी बघून घ्यावीत. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्या बैठकीला जावे. आशाताईंना सोबत घ्यावे, कोणत्या घरात कोण तापाने पडले आहे हे त्यांना आधी कळते. रुग्णाला पहिले पाच-सहा दिवस दिवसाही मच्छरदाणीत झोपवले, तर शेजारची घरे वाचतात.

शहरात काम करणाऱ्यांसाठी एक काम आणखी आहे. माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून दोन कागद मागावेत. एक पाणीपुरवठा विभागाकडून, कोणत्या प्रभागात किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी सोडले जाते याचा. दुसरा आरोग्य विभागाकडून, गेल्या तीन वर्षांतले डेंग्यूचे रुग्ण प्रभागनिहाय आणि महिन्यानुसार. मृत्यू झाले असतील तर त्यांचे वयही, नावांची गरज नाही. दोन्ही कागद प्रभागाच्या नकाशावर शेजारी शेजारी ठेवावेत, आणि पुढच्या प्रभाग समितीच्या बैठकीत डेंग्यूचा विषय निघाला की दंडाच्या नोटिसांआधी तो नकाशा टेबलावर पसरावा.